नथू पैलवानाचा बॅले

धरणाची वसाहत, मुळशी
२० मार्च १९६२

तीर्थरूप वस्तादकाका,

नथूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. हितं राखणदारीचं काम बरं चाललंय. काकींचा खोकला उतरला का? तालमीतल्या मातीत यंदा तेल-ताक घातलं का?

एक गंमत सांगतो, पण हसू नका. मी नाच शिकतुया! इंजिनेरसाहेबांच्या रोशनबाई हितल्या पोरींना बॅले शिकवत्यात. चवड्यांवर उभं राहून करायचा विलायती नाच हाय. एका पोरीला डोक्यावर उचलायला त्यांना गडी पाहिजे होता. मला सिमिटाचं पोतं उचलताना बघितलं आन् धरलं की!

वाटलं, उचलायचं तर हाय, त्यात काय? पण बाई लई कडक. आधी व्हरांड्याचा कठडा धरून गुडघं वाकवायचं, टाचा उचलायच्या. एवढ्या बैठका मारलेला मी, पण पोटऱ्यांनी हात जोडलं. माझं हे कुस्तीत मोडलेलं कान आन् हात नाजूक वर! बहिरू सैपाकी हसून हसून आडवा झाला.

जिला उचलायचं ती डॉक्टरांची नाजू पहिल्यांदा समोर आली, तवा सवयीनं फरशीला हात लावून कपाळाला लावला आन् मांडीवर शड्डू ठोकला. पोर किंचाळत आईकडं पळाली. बाई म्हणाल्या, "अरे नथू, ती तुझी दुश्मन नाय रे!"

आता नाजू भीत न्हाई. वर उचलली की खुदुखुदु हसती.

काका, मघापासनं इकडचं तिकडचं लिवतुया. आमचा नाचाचा कार्यक्रम आपल्या गावच्या जत्रेच्याच दिवशी हाय. तुमी भिवाजीसंगं माझी कुस्ती ठरवलीया, ठाऊक हाय मला. मी येणार न्हाई. यंदा न्हाई, फुडंबी न्हाई. भ्यालो न्हाई, तुमची आण! पण समोरच्याला चीत करून मला कधी आनंद झालाच न्हाई. जिंकल्यावर तुमी मला खांद्यावर घेऊन नाचायचा, त्याच्यासाठी लढायचो. हितं माणसाला उचलून अलगद खाली ठेवायचं असतं. ते मला लई आवडतंय.

आई-बापामागं तुमी वाढवलं, घरातलं दूध आधी मला पाजलं. त्याचे पांग असे फेडले म्हणून शिव्या घाला, ऐकून घेईन.

कार्यक्रमाच्या आधी बाई सगळ्यांची नावं पुकारणार हायेत. माझ्या नावाफुडं गुरू म्हणून कुणाचं नाव घेऊ, असं त्यांनी इचारलं. मी म्हणालो, कुशाबा वस्ताद. चालणार नसंल तर कळवा. पण दुसरं नाव माझ्याकडं न्हाई.

हाकललंत तरी तुमचाच पठ्ठा,
नथू