ताण तोडला त्या दुपारी

बाबा,

मी अजून अकोल्यातच, जठारपेठेत राहते. शाळेतून निवृत्त झाले. आता दोन खोल्या आणि मी. एखादं संत्रं सोललं तर अर्ध्यातच पोट भरतं, उरलेल्या फोडी कुणाला द्याव्यात कळत नाही. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी तुमच्याशीच बोलावंसं वाटतं.

बायपासनंतर तुम्हाला घेऊन मी मोर्शीला आपल्या घरी राहायला गेले होते. छातीवरची जखम छान भरली. येणारे-जाणारे म्हणायचे, बाबा ठणठणीत झाले. फक्त चष्मा फ्रीजमध्ये सापडायचा, एकच गोष्ट तुम्ही तीनदा सांगायचात आणि मी वैतागायचे. डिसेंबरात तुम्ही स्वतःच आपल्या संत्र्याच्या बगीच्याला ताण दिलात. काही आठवडे पाणी बंद ठेवलं की संत्र्याचं झाड सुकतं, आणि नंतर पाणी मिळताच फुलावर येतं, हे तुम्हीच मला शिकवलेलं. पण महिनाही झाला नव्हता, आणि भर दुपारी मोटरचा आवाज. मी धावत येते, तर झाडांभोवतीची सगळी आळी पाण्यानं भरलेली, तुम्ही चिखलात उभे, पायजमा गुडघ्यापर्यंत ओला. शेजारच्या बगीच्यातली माणसं धुऱ्यावर, मधल्या बांधावर येऊन बघत होती.

"बाबा, ताण कावून तोडला तुमी? डोकं ठिकानावर हाये का?" मी केवढ्यानं ओरडले!

तुम्ही झाडांकडे बघितलंत, मग माझ्याकडे. "ताण होता काय वं? मले वाटलं, पानी द्याचं मीच इसरलो. आजकाल लय इसरून राहिलो न मी."

त्या वर्षी नुसती पालवी फुटली, फूल आलंच नाही. मी मोटरच्या स्टार्टरच्या पेटीला कुलूप घातलं आणि तुम्ही बगीच्यात जाणंच सोडलंत. ओसरीवर बसून विचारायचात, "बाई, माह्यी आंघोळ झाली का वं?" मी स्वयंपाकघरातूनच "झाली" म्हणायचे, बाहेरही यायचे नाही. तुम्ही किती एकटे पडला असाल, ते मला आता कळतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच एक गोष्ट लिहिता येतेय. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, हृदयाच्या मोठ्या ऑपरेशननंतर काहींची स्मरणशक्ती कमी होते, सांभाळून घ्या, रागावू नका. ते मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. तुम्ही शेवटपर्यंत स्वतःलाच बोल लावत राहिलात. त्या दुपारी लोक बघत होते आणि मला तुमची लाज वाटली. मला सगळं माहीत होतं, बाबा.