क्लचवरचा ठोकळा

बाबा, काल गाडी सुरू झाली. आधी दोनदा नुसती खोकली, मग मागून काळा धूर सोडून तिनं एकदाचं धरलं. अंगणातल्या कोंबड्या उडून कुंपणावर जाऊन बसल्या. माय ओसरीत तांदूळ निवडत होती. तिला आता जवळ जाऊन बोललं तरच ऐकू येतं, पण तिनं सूप बाजूला ठेवलं, खांबाला धरून उभी राहिली आणि म्हणाली, ‘बंद नको करू. राहू दे थोडा वेळ.’ मी आत बसून राहिलो आणि ती डोळे मिटून तो आवाज ऐकत राहिली. तुम्हाला हे कळवावं म्हणून लिहायला बसलो. पण फक्त एवढंच सांगायचं असतं तर देवापुढे दिवा लावताना मनात सांगून मोकळा झालो असतो. दुसरीही एक गोष्ट आहे आणि ती सत्तावीस वर्षं जुनी आहे.

तुम्ही गेल्यावर चौदा वर्षं ती पिकअप गोठ्यामागे टिनाखाली उभी होती. हौद्यात आम्ही गुरांचं कुटार भरायचो, केबिनमध्ये मांजरी व्यायच्या. मागच्या वर्षी एक भंगारवाला दारात आला आणि चाकाला लाथ मारून म्हणाला, ‘देऊन टाका ना भाऊ, जागा तरी मोकळी होईन.’ त्यानं लाथ मारली नसती तर कदाचित दिलीही असती. त्यानंतरच्या शनिवारी मारुतीला तेल वाहून आलो, वाटीत उरलेलं तेल दाराच्या बिजागऱ्यांना घातलं आणि पहिला बोल्ट उघडला. तेव्हापासून दुपारी पिठाची गिरणी बंद केली की मी गाडीखाली. पायाखालच्या पत्र्याची चाळण झाली होती, तो कापून नवा जोडला. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं. टाकी सोडून धुतली तर आतून चहासारखं पाणी निघालं. काही बोल्ट असे धरून बसले होते की डिझेल पाजून दोन-दोन दिवस त्यांची मनधरणी करावी लागली. रंग घासताना हिरव्याखाली निळा निघाला आणि निळ्याखाली तो सरकारी करडा, ज्या रंगात तुम्ही ती लिलावातून घेऊन आला होतात. तुमची सून नाकाला पदर लावून म्हणायची, ‘घरातला नळ तीन महिन्यांपासून गळून राह्यला. त्याले चाकं लावा, म्हणजे तुमचं ध्यान जाईन.’ पण चहा मात्र ती गाडीपाशीच आणून द्यायची. नळ अजून गळतोच.

इंजिनचं काम माझ्या आवाक्यातलं नव्हतं. त्यासाठी हिंगणघाटहून एक म्हातारा मिस्त्री यायचा. एका दुपारी क्लचच्या पायडलवर बोट फिरवता फिरवता तो थांबला. ‘हे दोन घासे कशाचे हो? इथी काही बांधून होतं का?’ मी गाडीखाली उताणा पडलेलो. ‘काय माहीत,’ म्हणालो. बाबा, मी पन्नाशीला आलो आणि अजून तसंच खोटं उत्तर देतो.

तिथं काय बांधलेलं होतं ते तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार? लहानपणीच्या तापात तुमचा डावा पाय वाळला आणि आखूड राहिला. क्लच आणि तुमची टाच यांच्यात जेवढं अंतर उरत होतं, तेवढा बाभळीचा ठोकळा तुम्ही स्वतः तासून दोन लोखंडी पट्ट्यांनी पायडलवर कसला होता. त्या ठोकळ्यावर पाय ठेवून तुम्ही भाजी वाहिली, वराती वाहिल्या, अडलेल्या बायका सेवाग्रामच्या दवाखान्यात पोचवल्या. रोज सकाळी स्टेरिंगला हात लावून तो हात कपाळाला लावायचात. गिरडच्या टेकडीखाली गाडी उभी केली की वर दर्ग्याकडे पाहून हात जोडायचात आणि मला म्हणायचात, ‘वरचा सारं पाह्यते. आपण फक्त ब्रेक पाहाचा.’ लोक आपल्या गाडीला लंगड्याची गाडी म्हणत. तुम्ही हसून ओ द्यायचात. मला मात्र ते शाळेपासून बोचत आलं.

मग अल्लीपूरला मुलगी पाहायला जायचा दिवस आला. मामा सोबत येणार होते आणि गाडी मी चालवणार होतो. सकाळी गाडी पुसताना तो ठोकळा दिसला आणि वाटलं, मुलीकडचे गाडीत डोकावले तर विचारतील हे काय आहे. माझा गुडघाही त्याच्यामुळे स्टेरिंगला लागायचा, पण ते निमित्त होतं. खरी होती ती लाज. पाना घेऊन मी तो पट्ट्यांसकट सोडवला. तेवढ्यात मामांनी हाक मारली, म्हणून घाईत मागच्या अंगणात गेलो आणि सरपणाला रचलेल्या पऱ्हाटीच्या गंजीत तो खुपसून ठेवला. आल्यावर बसवू म्हटलं. संध्याकाळी आलो तो पसंतीच्या गडबडीत. ठोकळा विसरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही बाजाराचा माल भरून गाडीत बसलात आणि तुमचा पाय हवेत गेला. ‘अरे, ठोकळा कुठी गेला?’ मी दारात उभा होतो. ‘पडला असंल रस्त्यात,’ म्हणालो. हे वाक्य माझ्या तोंडातून इतक्या सहज निघालं की मलाच नवल वाटलं. तुम्ही उतरून घरात वळताच मी गंजीकडे पळालो. ठोकळा नव्हता. पहाटेच्या अंधारात मायनं पाणी तापवायला हाताशी आलेल्या पऱ्हाटीबरोबर तो चुलीत घातला, हे गंजीचा उपसलेला कोपरा पाहूनच कळलं. तुम्ही एका विटेला पोतं गुंडाळलं, सुतळीनं ती पायडलला बांधली आणि निघालात. नाल्याच्या चढावर वीट सरकली, गाडी बंद पडून मागं आली आणि मागचा फाळका बांधावर आदळला. तुम्हाला खरचटलंही नाही. टमाट्याच्या पेट्या तेवढ्या नाल्यात गेल्या.

आणि मग तुम्ही तो ठोकळा शोधायला निघता. हे मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. हातात काठी, डोक्याला दुपट्टा, तुम्ही अल्लीपूरच्या रस्त्याच्या कडेनं लंगडत चालला आहात आणि मी सायकल हातात धरून मागं. ‘कुठी धक्का बसलता गाडीले? आठवून पाह्य,’ तुम्ही विचारता. मी बोट दाखवतो, ‘त्या बाभळीपाशी.’ तुम्ही काठीनं तिथला तरोटा बाजूला सारता, वाकून पाहता, पुढं जाता. येणारा-जाणारा विचारतो, ‘काय हरपलं गा?’ आणि तुम्ही म्हणता, ‘पाय हरपला बापा माहा!’ तोही हसतो, तुम्हीही हसता. असे तीन दिवस. मी तिन्ही दिवस मागं चाललो आणि एकदाही खरं सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी तुम्ही म्हणालात, ‘आता तूच चालव.’ मला वाटलं, सुतार दुसरा ठोकळा करून देईल. पण तुम्ही कोणाला सांगितलंच नाही. त्यानंतर तुम्ही कायम माझ्या बाजूच्या सीटवर बसलात. मी गिअर बदलला की तुमचा डावा पाय हवेतच दबायचा. तेरा वर्षं मी ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहत राहिलो.

मिस्त्रीला ‘काय माहीत’ म्हटलं त्या संध्याकाळी मी मायजवळ जाऊन बसलो. तिच्या कानाशी सांगितलं, ‘माय, बाबाचा ठोकळा मीच काढलता.’

‘मले मालूम हाय,’ ती म्हणाली. उठून देवाच्या फळीमागचा डबा काढला आणि त्यातून दोन लोखंडी पट्ट्या माझ्या हातावर ठेवल्या. जळून काळ्या-निळ्या झालेल्या. ‘तुमी शोधत होते त्याच्या दुसऱ्या दिवशी सांजच्याले चुलीतली राख काढली भांडे घासाले, तं हाताले लागल्या. म्या तुह्या बापाले दाखवल्या.’

‘म्हणजे बाबाले कळलंतं?’

‘तवाच कळलं.’

‘मंग तिसऱ्या दिवशी काऊन गेलते शोधाले?’

‘म्याबी तेच म्हटलं. तं म्हणे, दोन दिवस हिंडलो अन् आज नाई गेलो तं पोराले समजंल. म्हणे, त्याले लाज वाटून राह्यली, आता गाडी त्यालेच चालवू दे. अन् मले सांगतलं, बोलजो नोको.’ एवढं सांगून ती पुन्हा वाती वळायला बसली. तुमची सून चुलीपाशी ऐकत होती. ती म्हणाली, ‘आमच्या बाबांनी तं लंगड्या डायवरचं घर हाय म्हणूनच मले देल्ली. म्हणे, त्या माणसानं कोणाले रस्त्यात सोडलं नाई. अन् तुमी ठोकळा लपवत होते!’ ती हसत होती. मला हसू आलं नाही, पण तिचं हसणं बरं वाटलं.

त्या पट्ट्या मी वाळूनं घासल्या. बाभळीचा तुकडा आणला. पण उंची किती, हे काही आठवेना. मायनं सुताराच्या टेबलावर हात आडवा ठेवला. ‘तीन बोटं,’ म्हणाली, ‘अन् वर जवारीचा एक दाणा.’ सुतार हसून तिच्या कानाशी म्हणाला, ‘आजी, दाणा मोठा का लहान?’ ती त्याला म्हणाली, ‘चाळीस वरसं त्या पायाले तेल चोळलं म्या. तू मले इचारतं?’ सुतार गुपचूप रंधा मारायला लागला. फाळक्याचा पोचा मी ठोकून सरळ केला. तो तुमचा नव्हता, माझाच होता.

काल ठोकळा कसूनच गाडी सुरू केली. मिस्त्री म्हणाला, ‘काढा हो ते, तुमचे पाय लंबे हाय.’ मी मान हलवली आणि यावेळी त्याला खरं सांगितलं, सगळं. तो पाना पुसत ऐकत राहिला आणि शेवटी एवढंच म्हणाला, ‘राहू द्या मंग.’ मायला बाजूला बसवून मारुतीच्या देवळापर्यंत गेलो. गुडघा प्रत्येक गिअरला स्टेरिंगवर आपटत होता, गाडी तीनदा बंद पडली. पारावरचा एक म्हातारा ओरडला, ‘काय गा, बापासारखी चालवून राह्यला!’ तुमची गाडी नाल्याचा तो एक दिवस सोडला तर कधी बंद पडली नाही, हे त्यालाही माहीत होतं. तरी मी हसून ओ दिली.

आता जे सांगायचं ते एवढंच. परत येताना माझा गुडघा इतका दुखत होता की मी देवळासमोर, सगळ्यांच्या देखत, ठोकळा काढला आणि मायच्या हातात दिला. तिनं तो पदरात गुंडाळून घरापर्यंत मांडीवर धरला. घरी आलो की लगेच बसवतो म्हणालो होतो. अजून बसवला नाही. पंख्यानं कागद उडू नयेत म्हणून तो याच पत्रावर ठेवला आहे आणि मी त्याच्या आडोशानं लिहितो आहे. आता पाना घेऊन उठतो. मागं हे कागद उडाले तर उडू देत.