मधले नऊ मणी

२ ऑगस्ट
नारळी पुनव आठवड्यावर आली. सासूची बोरमाळ कपाटातून काढली. कित्येक वर्षं फडक्यात, काळपट झालेली. सून रेश्मा म्हणाली, "आई, रिठ्यात धुऊन देते." दिली. मला सुकट निवडायची होती, कोण घासत बसणार.

३ ऑगस्ट
रेश्मानं माळ आणून दिली. उन्हात धरली. बाकीचे मणी पिवळेधमक, मधले नऊ लाल. तांब्यागत. आधी असं दिसलं नव्हतं.
ओट्यावर शेजारची हिरा आणि आणखी दोघी बसल्या होत्या. त्यांच्यासमोरच बोलले, "मधले बदललेस काय गो?"
"मी फक्त धुतली, आई."
"धुतल्यानं सोनं लाल होतं व्हय?"
हिरा हसली. "बहिणीचं लगीन हाय ना हिच्या."
मी हिराला गप्प केलं न्हाय.

४ ऑगस्ट
रेश्मा सकाळच्या फेरीबोटीनं दिघीला माहेरी गेली. जाताना भात लावून गेली. मी तिला लग्नात घातलेलं कानातलं, बांगड्या देव्हाऱ्यात काढून ठेवल्यात.
पोराचा, रेश्माच्या नवऱ्याचा, न्हावा शेवा बंदरावरून कामावरनं फोन. "सोनाराला दाखवलंस?" "न्हाय." "मग कशावर बोललीस?"
फोन मीच ठेवला.

६ ऑगस्ट
मुरूडला बाबूशेट सोनाराकडे. जाताना अजून तोऱ्यात. त्यानं एक पिवळा, एक लाल मणी काळ्या दगडावर घासला, वर तेजाबाचा थेंब टाकला. दोन्ही रेघा राहिल्या.
"दोन्ही सोनंच, मावशी."
"मग लाल का?"
"निव्वळ सोनं पिवळंच. पण मऊ, मणी चेपतो. जमिनीतून निघतं तेव्हाच त्यात थोडी चांदी, थोडं तांबं असतं. वर आम्ही घालतो. तांबं जास्त पडलं की लाल. चांदी जास्त तर फिकं, हिरवट."
"इतकी वर्षं एकच रंग दिसत होता."
"मळ हो. कुणीतरी मन लावून धुतलीय." मग भिंग लावून म्हणाला, "हे नऊ मागाहून ओवलेत. कुठले?"
ठाऊक न्हाय म्हटलं. म्हणता म्हणताच आठवलं.
माझेच. आमच्यात सून माहेरचे मणी आणून सासूच्या माळेत ओवते. बाबा उरणला मिठागरात मजुरीला. आईचे कानातले आटवून नऊ मणी केले त्यांनी. सासू चारचौघींत बोलली, "लाल दिसतात गो. मिठागरातलं सोनं." पुढं सासू माळ घालायची तोवर दरवर्षी पुनवेच्या आधी मीच त्यांना तेल-काजळी चोळायची. लाली मरावी म्हणून.
मी. माझ्या हातानं. आणि विसरले.

७ ऑगस्ट
दिघीला गेले. रेश्माच्या आईनं पाणी दिलं, मागल्या दारी निघून गेली. चुलीपाशी रेश्माला सगळं सांगितलं. चुकले म्हटलं. वाटलं, झालं.
ती म्हणाली, "ओट्यावर बोललात, चौघींत. आणि चुकले म्हणायला आमची चूल बघितलीत?"
राग आला. मग कळलं, राग माझाच मला आलाय, तर अजूनच...
येताना बोटीत उभीच राहिले.

८ ऑगस्ट
नळावर हिरा. "काय गो, खोटे निघाले ना मणी?"
तोंड उघडलं. म्हटलं, सुकट ओली राहिलीय. बस, एवढंच बोलले. चोरटी बाई मी.

९ ऑगस्ट, पुनव
वही पिशवीत घालून आणली. जेट्टीवर बसून लिहिते.
माळ घातली. मणी तसेच, तेल न लावता. सगळ्या नटून आलेल्या. हिरा पहिली, "ती लाल माळ घालून आलीस?"
मोठ्यानं बोलले, मागच्यांना ऐकू जाईल इतकं. "लाल मणी माझ्या बाबांचे. सोनं हाय. मीच काजळी लावून लपवलेले. रेश्मानं धुतले म्हणून दिसले. ती चोर न्हाय. मी खोटं बोलले."
मग हिरा, "मग तेव्हा का बोललीस?"
"तोंड सैल, म्हणून. तू का हसलीस?"
ती समुद्राकडे बघत बसली.
रेश्माला फोन लावला. सांगितलं. "पुन्हा बोला, आई. आवाज येत न्हाय." पुन्हा बोलले, सगळ्यांसमोर. आवाज येत होता तिला, मला कळत होतं. तिसऱ्यांदा म्हणाली असती तर तिसऱ्यांदा बोलले असते.
"बरं," म्हणाली.
"येतेस?"
"कपडे वाळत घातलेत."
चारची बोट दिघीवरून सुटलीय. आत माणसं हायेत. इथनं साड्यांचे रंग ओळखू येत न्हाईत.