ग सोडून बाकीची अक्षरं

माकणी, मार्गशीर्ष व. ४, शके १८६५

वर्ग एकदाचा सुरू. नऊ जणी. मारुतीच्या देवळामागची पडवी, दुपारची भाकरी उरकल्यावर. उस्मानाबादहून निजाम सरकारच्या इजाजतीचा, परवानगीचा, कागद परवा आला, त्यावर महिना त्यांचा, बहमन. मी आपल्या तिथ्याच लिहिणार.

महिला मंडळानं तीन महिन्यांसाठी नेमलंय. बायकांना सहीपुरतं, पत्रापुरतं शिकवायचं. सोलापुरात चिटणीसबाई म्हणाल्या, तुम्ही मोकळ्या आहात, तुम्हांला जमेल. मोकळी म्हणजे विधवा. तेवढं मराठी मला येतं.

मार्ग. व. ११

चंद्रभागा सगळ्यांत हुशार. नवरा सोलापूरला गिरणीत, आठ महिन्यांत गावाकडं फिरकला नाही. तिला त्याला आपल्या हातानं पत्र लिहायचंय. दुसऱ्याकडून लिहून घेतलं की मनातलं मनातच राहतं, म्हणाली. क, ख चटकन आले. ग आला की तोंड मिटून बसते, घ पासून पुन्हा सुरू.

राहायला पाटलीणबाईंच्या मागच्या खोलीत. जेवण वेळेवर येतं. बोलायला कुणी येत नाही.

पौष शु. ६

आज चुकलं. मोठं चुकलं.

'ग गणपतीचा' म्हण, म्हटलं. चंद्रभागा म्हणाली, "ग लाडवाच्या देवाचा." सगळ्या खो खो हसल्या. मला वाटलं, माझीच टिंगल चाललीय. एकटं राहिलं की सगळं हसणं आपल्यावरच वाटतं. तिला उभी केली. म्हटल्याशिवाय बसायचं नाही म्हणाले. बराच वेळ उभी राहिली, मग म्हणाली, अगदी हळू. हसणं एकदम थांबलं. वर कुणी बघेना.

वर्ग सुटल्यावर पाटलीणबाईंनी बाजूला घेऊन सांगितलं. तिच्या नवऱ्याचं नाव गणपत.

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य उणं होतं. हे लहानपणापासून ऐकत आलेली मी, आणि मला हे सुचू नये. मास्तरकी अंगात आली की अक्कल गहाण.

संक्रांत

वर्ग बंद. बायका वाण घेऊन घरोघर. मला कुणी बोलावणार नाही हे ठाऊक होतं, तरी सकाळी धुवट लुगडं नेसून बसले. उगीच.

तिन्हीसांजेला चंद्रभागा आली. उंबऱ्यावर तिळगूळ ठेवला आणि गेली. गोड बोला म्हणाली नाही. पण आली. खाताना रडू आलं.

माघ शु. १०

चंद्रभागेनं तीन ओळी लिहिल्या. 'आम्ही खुशाल आहोत. शेळी व्याली. तुम्ही कधी येणार.' कुणाला लिहिलंय ते वर नाही. पाकिटावर नाव मी घातलं.

माघ व. २

सोलापूरहून निरोप. गिरणीत पट्ट्यात हात सापडला, गणपत दवाखान्यात, अंगात ताप. सासरा तडक निघाला. तिचं पत्र पोचलं की नाही, कुणाला विचारू?

माघ व. ५

वर्गाला तिघी.

माघ व. ८

कुणीच नाही. पडवी झाडून घेतली, एक तास बसले, उठले. विहिरीवर गेले तर बायका गप्प झाल्या. माझी पाठ वळल्यावर एकीचं ऐकू आलं, "बाईचं काय जातंय. तिचं कवाच गेलंय."

खरंच आहे. म्हणून जास्त लागलं.

फाल्गुन शु. ३

मंडळाचं पत्र. अहवाल पाठवा, किती जणी लिहू लागल्या ते कळवा. दोनदा लिहायला घेतला. 'वर्ग काही कारणाने' इथवर येऊन

फा. शु. १२

चंद्रभागेकडं गेले. सासू दारातच उभी. "न्हाय यायची ती. तुमी आता येऊ नगा, बाई." चंद्रभागा आत होती. बांगड्या वाजल्या. तेवढं ऐकून बरं वाटलं.

फा. व. ५

मुदत संपली. उद्या सकाळी बैलगाडीनं उमरग्यापर्यंत, पुढं मोटार.

सासू रानात गेलेली पाहून पुन्हा गेले. चंद्रभागा अंगणात ज्वारी पाखडत होती. सासऱ्याचा अजून पत्ता नाही, चिठ्ठी नाही. बसा म्हणाली नाही, मीच बसले. क्षमा मागायची ठरवून गेले होते, भलतंच बोलले.

"दोन वर्षं संसार केला. एकदाही नाव घेतलं नाही, चंद्रभागे. लग्नातल्या उखाण्यालासुद्धा लाजून गप्प बसले. तरी गेले. तापानं."

ती पाखडत राहिली. मग सूप खाली ठेवून म्हणाली, "मग आता घ्यायला काय हरकत हाय? काय नाव व्हतं त्यांचं?"

जाब नव्हता त्यात. साधं विचारलं.

तोंड उघडलं. आलं नाही. ती थांबली. मी तिला उभं करून थांबले होते तेवढाच वेळ थांबली असेल. मग म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, बाई," आणि सूप उचललं.

खोलीवर येऊन वही काढली. म्हटलं इथं तरी लिहावं, इथं कोण बघतंय.

अजून लिहिलेलं नाही.