पाठ लागली नव्हती

॥ श्री नृसिंह प्रसन्न ॥

पोखर्णी,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८६५

चिरंजीव भुजंग,

तुला आणि सुमंगलेला थोरल्या भावाचे आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहोत. कापसाची दुसरी वेचणी चालू आहे, पहिली गाडी मानवतला गेली. ज्वारी पोटऱ्यात आली. तुझ्या वहिनीची कंबर धरली होती, पण आता ती हिंडते-फिरते आणि माझ्यावर ओरडते, म्हणजे बरी झाली असं समज.

तुझं पत्र पोचलं. खरं तर दोन पोचली, चार दिवसांच्या अंतरानं, आणि दोन्हींत मजकूर एकच. लढाईच्या दिवसांत टपाल गहाळ होतं म्हणून तू ही हुशारी केलीस, असं मी घरात सांगितलं. निरोप ज्याचे त्याला दिले. एक राहिला आहे, त्याचं पुढं लिहितो.

तू विचारलंस, "दादा, आजपर्यंतचा सगळ्यांत थोर गडी कोण? आपला लिंबाजी वस्ताद, का गोऱ्यांच्या मुलखातले जुने बॉक्सर, का आत्ताचे? लढतीच्या आधी मला तुझं उत्तर पाहिजे." अरे, प्रश्न मला विचारलास, तर मी शहाणा तो देवळापुढच्या पारावर घेऊन गेलो! तीन दिवस गावाला दुसरा विषय नाही. वेचणीला बायका गेल्या आणि गडी पारावर हातवारे करत बसले.

शाळेचे बन्सीधर मास्तर वर्तमानपत्र वाचणारे. ते म्हणाले, पूर्वीचे बॉक्सर हातमोजे न घालता लढायचे, पन्नास-पन्नास फेऱ्या, दिवस मावळेपर्यंत. आत्ताचे म्हणजे गादीवर लोळणारे. त्यावर मुंजाजी म्हणतो, "पन्नास फेऱ्या लढायचे म्हंजे ठोसा लागतच नसंल गुरुजी. एक नीट लागला तर दुसरी फेरी कशाला पाह्यजे?" सगळे हसले. कोणी म्हणालं, किती जण पाडले ते मोजा. मुंजाजी लगेच, "कोणाला पाडलं ते बघा की! जत्रंत म्या बी धा जण पाडले. त्यातले आठ उपाशी व्हते." व्यंकटराव पाटलांनी त्यातल्या त्यात बरं सांगितलं. म्हणाले, जुन्या गड्याला आजचा खुराक द्या आणि आजच्या गड्याला जुनी माती द्या, मग बोला. ते होणार नाही, तर उगं कशाला घसा कोरडा करता.

तेवढ्यात तुझी वहिनी मला जेवायला हाक मारायला आली. तिनं थोडं ऐकलं आणि डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "म्हातारपणी ज्याला आपल्या हातानं घास तोंडात घालता येतो अन् बायकोचं नाव याद असतं, त्यो थोर. उठा आता, भाकरी गार व्हायलीय." सगळा पार हसून लोटपोट झाला. मला हसू आलं नाही. सुमंगलेचं पत्र माझ्या बंडीच्या खिशात होतं. तिच्यावर रागावू नको. ती मला न लिहील तर कोणाला लिहील?

शेवटी लोकांनी लिंबाजी वस्तादालाच गाठलं. सत्तरी उलटली, तरी रोज मळ्यात जातो, स्वतः मोट हाकतो. मानवतच्या पैलवानाखाली वस्ताद दीड तास पोटावर पडून राहिला होता, तोंड मातीत, पण पाठ लावू दिली नाही, लोक घरी जाऊन जेवून आले तरी कुस्ती चालूच, हे ऐकतच आपण दोघं वाढलो ना? तीच गोष्ट मुंजाजीनं पुन्हा काढली आणि म्हणाला, सांगा वस्ताद, आजच्या कोणात हाय का एवढी जिगर?

वस्तादानं तळहातावरचा तंबाखू मळून झटकला. मग म्हणाला, "जिगर कशाची रे? भ्यालो व्हतो. त्याचा हात माझ्या मानंवर व्हता. उठायला गेलो असतो तर मान मोडली असती. म्हून पडून राह्यलो. तुमी त्याला थोर म्हणायले, मी बी म्हणू दिलं."

मी पारावरून उठलो आणि वहाणा न घालताच घरी आलो.

भुजंगा, आता गेल्या फाल्गुनातलं लिहितो. नऊ महिने हे पोटात ठेवलं. तुझ्या तोंडावर सांगायला मला धीर होत नाही.

सिकंदराबादला तुझी त्या गोऱ्या शिपायाशी सहा फेऱ्यांची लढत होती. रेल्वेच्या कारखान्यातले तुझे सगळे सोबती आले होते, पोखर्णीचे आम्ही सात जण. मी तुझ्या कोपऱ्यात, तुला हा खेळ शिकवणाऱ्या डिक्रूज मास्तरांच्या शेजारी उभा होतो, भाऊ म्हणून. ठोशाठोशीचा खेळ मी जन्मात पहिल्यांदा बघत होतो. तिसऱ्या फेरीत तू पडलास. तोंडावर पडलास. पंच बोटं नाचवत आकडे म्हणायला लागला आणि मला कळेना की हा मोजतोय कशाला? माझ्या डोळ्यांना दिसत होतं की तू पालथा आहेस. आपल्या मातीत पालथा पडलेला गडी हरत नसतो. मी ओरडलो, "पाठ लागली न्हाई भुजंगा! ऊठ!" मागून पोखर्णीकर पण ओरडले. तू उठलास.

इथपर्यंत मी अडाणी होतो. कोणीही आपल्याकडचा माणूस असता तर तेच ओरडला असता.

चौथ्या फेरीत पुन्हा पडलास. डिक्रूज मास्तरांनी खांद्यावरचा टॉवेल हातात घेतला. मी विचारलं, हे काय? ते म्हणाले, टॉवेल आत फेकला की लढत थांबते, बस हो गया. मी त्यांचं मनगट धरलं. पैलवानाची मूठ, त्यांना सुटेना. तू उठलास.

पाचव्या फेरीत पडलास तेव्हा तुझ्या कानातून रक्त येत होतं. उठताना तू आमच्याकडे न बघता भलत्याच कोपऱ्याकडे बघितलंस. मास्तर माझ्या तोंडाशी तोंड आणून म्हणाले, "हात छोडो पैलवान, पोट्टा मर जाता." ही बोली मला कळली नाही असं म्हणायची सोय नाही. निजामाच्या राज्यात जन्मलो, बाजारात रोज तीच ऐकतो. मला सगळं कळलं. आणि मी मूठ आणखी आवळली आणि तुला ऊठ म्हणालो.

का, ते पण सांगतो. मागं गावचे सहा जण बसले होते म्हणून. आणि मी पंचविशीत असताना आपल्याच जत्रेत मानवतच्या गड्यानं मला नारळ फुटायच्या आत उताणा केला होता म्हणून. हलगी वाजायची थांबली, तो क्षण मी वीस वर्षं विसरलो नाही. तुला उठताना बघून मला वाटायचं, मीच उठतोय. लाज वाटते लिहायला, पण असंच आहे.

सहाव्या फेरीत तुझा डावा ठोसा बसला आणि तो गोरा आडवा झाला. तू जिंकलास! जिंकलास हेच वाईट झालं रे. हरला असतास तर कोणीतरी मला शिव्या घातल्या असत्या. त्याऐवजी परभणीच्या स्टेशनवर हलगी, गुलाल, तुला फेटा आणि मलाही फेटा. तीनदा पडून तीनदा उठला, असा गडी पूर्वी झाला नाही आणि पुढं होणार नाही, असं सगळे म्हणाले. मी मान हलवत होतो.

तुझं डोकं दुखायला लागलं तेव्हा सुमंगला मास्तरांच्या दारात गेली होती, आठवतं? मी तिच्या मागं उभा होतो. ती म्हणाली, आम्ही खेड्यातली माणसं, आम्हाला काय कळतं, तुम्ही जाणते होता, चांदीच्या कपासाठी माझ्या नवऱ्याला मरायला ठेवलंत. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. ते एवढंच म्हणाले की भुजंग आता पुन्हा लढणार नाही, मी लढू देणार नाही. त्यावरून तू त्यांना सोडलंस, त्यांच्यावर थुंकलास, आणि या नव्या वस्तादाकडे गेलास, जो तुला रोज सांगतो की तीनदा उठणारा तू एकटाच. भुजंगा, मास्तरांचा काही दोष नाही. टॉवेल त्यांच्या हातात होता आणि हात माझ्या मुठीत होता.

मी हे लिंबाजी वस्तादाला मळ्यात जाऊन सांगितलं. मोट थांबवून त्यानं ऐकलं. म्हणाला, "मला कशाला सांगायला? त्याला सांग."

सुमंगला लिहिते, आठ वर्षं पायाखालची घरची वाट चुकून परवा तू दुसऱ्याच गल्लीत कोणाच्या तरी ओट्यावर बसून राहिलास. पेला धरताना हात थरथरतो. एकच गोष्ट तीनदा सांगतोस. मी ते वाचून स्वतःला समजावलं, कामाचा ताण असेल, झोप नसेल. दोन सारखी पत्रं आली तेव्हाही समजावलं.

पण दोन्ही पत्रांत शेवटी तू लिहिलंस, "मायला साष्टांग नमस्कार सांग. तिचा खोकला कसा आहे? मी येताना तिला शाल आणतो." हाच तो राहिलेला निरोप. कोणाला सांगू, भुजंगा? माय आषाढात गेली. तू आला होतास. तू तिला खांदा दिलास. माझ्याशेजारी बसून डोकं भादरून घेतलंस, गोदावरीत तिच्या अस्थी तुझ्याच हातानं सोडल्यास, आणि परत येताना बैलगाडीत माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडलास. तुला हे आठवत नसेल तर आता मी तुला दुसऱ्यांदा मायचं मरण कळवतो आहे.

तुझ्या वहिनीला पत्र वाचून दाखवलं तेव्हा तिथं अडखळून तो नमस्कार मी गाळला. ती पदर तोंडाशी धरून आत गेली, म्हणजे तिला कळलंच होतं.

तू थोर कोण विचारलंस. मला ठरवता येत नाही. जुने थोर का नवे, माती थोर का हातमोजे, ते बन्सीधर मास्तरांनी आणि मुंजाजीनं बघून घ्यावं. त्या दिवशी तू थोर लढलास यात मला शंका नाही. पण तुझ्या कोपऱ्यात दोन माणसं होती, त्यातलं एकच माणूस होतं आणि ते मी नव्हतो, एवढं मला पक्कं कळलं आहे.

म्हणून आता ऐक. तू लिहिलेली तारीख म्हणजे दत्तजयंतीचा दुसरा दिवस. ती लढत घेऊ नको. नव्या वस्तादाला सांग, भाऊ आडवा आला. तो मला काय म्हणायचं ते म्हणू दे. लोक तुला भ्याला म्हणतील, म्हणू देत. लिंबाजी वस्ताद भ्याला म्हणून आज मोट हाकतो आहे.

मी द्वादशीला परभणीहून गाडी धरतो. लष्कराची माणसं भरलेली असतात, जागा मिळाली नाही तर दारात उभा राहून येईन. आधी डिक्रूज मास्तरांच्या घरी जाणार, त्यांचे पाय धरणार. मग त्यांनाच घेऊन तुझ्याकडे येतो आणि सुमंगलेसमोर सगळं बोलतो. तू त्यांना आत घे.

हे पत्र वाचून झालं की सुमंगलेच्या हातात दे. सुमंगले, मी येईपर्यंत रोज सकाळी त्याला हे वाचून दाखव, काल वाचलं होतं असं तो म्हणाला तरी वाच, आणि नाही म्हणाला तर नक्की वाच. मायचं वाचताना त्याच्याजवळ बस.

आणि एवढं करूनही तू हट्टानं त्या दोऱ्यांच्या आत गेलास, तर मी कोपऱ्यात असेन. मास्तरांचा हात मोकळा असेल. पहिल्यांदा पडशील, पालथा पड की उताणा पड, मला फरक नाही, तेव्हा सगळी माणसं ओरडतील. तू कोणाचं ऐकू नको. लहानपणापासून मी सांगितलं तेच करत आलास, मरायला सांगितलं तेही केलंस. आता शेवटचं एक सांगतो, तेवढं कर. मी ओरडेन, पडून राहा. पडून राहा, भुजंगा. उठू नको.

तुझा अपराधी, पण अजून थोरलाच,
माणिकदादा