तुमच्या अंघोळीचं पाणी

आबा, आज नळाखालची बादली भरून वाहायला लागली तसा मी हातातला चहा ठेवून धावलो. सून हसली. म्हणाली, "आवं मामा, दोन तांबं गेलं तर काय हुतंय?" तिला काय सांगू? पाणी सांडायला मला तुम्ही शिकवलं होतं, ते आठवून तिथंच पायरीवर बसलो. तुम्हाला वाचता येत नव्हतं. मलाही तेव्हा येत नव्हतं, पुढे वाणसामानाच्या पुड्यांचे छापील कागद सोडवता सोडवता अक्षरं लागली. त्याच अक्षरांत हे लिहितोय.

एकाहत्तर साल. माणमधल्या आपल्या गावात त्या वर्षीही पावसानं तोंड दाखवलं नव्हतं, आणि सीमेवर लढाई होणार असं रेडिओ सांगत होता. राजस्थानात सीमेलगत रस्ता करणाऱ्या मजुरांच्या छावणीत मला आचाऱ्याचं काम लागलं होतं. निघायला दहा दिवस होते. गावातली पोरं म्हणायची, "तुला काय रं भ्या, तू भाकरी थापणार." तुम्ही मात्र मेंढरं कोंडायच्या जाळीपाशी, वाघरीपाशी बसून एकच विचारलंत, "बादली घिऊन चाललाईस आन् वरनं तोफेचा गोळा आला, तर काय करशील?" मी म्हणालो, पळंन. तुम्ही मान हलवलीत. मागल्या मोठ्या लढाईत तुम्हीही इंग्रजांच्या पलटणीबरोबर आचारी म्हणून गेला होता, एवढंच आम्हाला ठाऊक. तिथलं कधी काही बोलला नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही अंगणात गुडघाभर चर खणलात. माझ्या हातात पाण्यानं भरलेली बादली. मी चालायचं, आणि तुम्ही पाठीमागून रिकामा डबा बडवला की बादली टाकून चरात पालथं पडायचं. डबा वाजतो. मी थांबतो, वाकतो, बादली अलगद खाली टेकवतो, मग पडतो. "मेलास," तुम्ही म्हणता. पुन्हा डबा, पुन्हा तेच. आबा, ते पाणी आई दीड कोसावरनं डोक्यावर आणायची. हात सोडायला तयारच होईनात. आई दारातून ओरडली, "आवं, डोकं फिरलंय का? पाणी वतून काय पिकवताय?"

"माझ्या अंघुळीचं हाय त्ये," तुम्ही शांतपणे म्हणालात.

"म्हंजी आता वास बी आमीच सोसायचा."

आठ दिवस तुम्ही अंघोळ केली नाहीत. रोज एक बादली त्या चराच्या कडेला संपायची. सहाव्या दिवशी कुठं माझी बोटं आपोआप सुटली, पाणी पसरलं, मातीनं ते क्षणात पिऊन टाकलं, आणि तुमच्या तोंडावर मी कधी न पाहिलेलं समाधान होतं. मग पुढचा धडा. पडल्यावर दोन्ही तळव्यांनी कान दाबायचे आणि तोंड उघडं ठेवायचं, म्हणजे आवाजानं कानाचे पडदे जात नाहीत. मी विचारलं, "मग तुमचा उजवा कान कसा गेला?" आम्हाला तो लहानपणीच्या तापानं गेला असं सांगितलं होतंत. तुम्ही डबा खाली ठेवलात. म्हणालात, "माझं हात मोकळं नव्हतं." आणि मेंढरं सोडायला निघून गेलात.

त्या हातांत काय होतं, आबा? पाणी, की डाळ? ते कुणासाठी चाललं होतं, आणि त्यांना मिळालं का? छप्पन्न वेळा तरी हे ओठांवर आलं असेल. तुम्ही गेलात आणि विचारायचं राहून गेलं.

मी परत आलो तेव्हा तुम्ही एसटीच्या थांब्यावर उभे होता. डावा कान माझ्याकडे करून पहिलं हेच विचारलंत, "आला हुता का गोळा?" व्हय, म्हणालो. "बादली टाकलीस?" व्हय, म्हणालो. तुम्ही माझी वळकटी खांद्यावर घेतलीत आणि घराकडे चालू लागलात. चाल हलकी होती.

आबा, मी टाकली नव्हती. तिथंही नुसती वाळूच होती, आणि पाणी उंटावरनं यायचं. मी वाकलो, बादली अलगद टेकवली, मग पडलो. गोळा जवळच फुटला, वाळू माझ्या पाठीवर आली. उठून पाहिलं तर एक थेंब सांडला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्या वेळी मला त्याचा आनंदच झाला होता.