स्टुलाची जागा

१२ मार्च, दुपार

प्रिय ताईस,
साष्टांग नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे असं पहिल्या ओळीत लिहायचं असतं, म्हणून लिहितो. पत्र वाचून झाल्यावर ती ओळ खोडलीस तरी चालेल. तुझा गुडघा कसा आहे? भावजींना म्हणावं, जिन्यात तुझी पिशवी धरा, नुसतं मागून "सावकाश, सावकाश" म्हणू नका.

रोज फोन होतो, मग याला पत्राचं काय सुचलं, असं तुला वाटेल. फोनवर मी तीनदा सुरुवात केली. तिन्ही वेळा तू म्हणालीस, "दमलायस तू, आराम कर," आणि मी लगेच ऐकलं. एरवी मी तुझं कधी ऐकतो का?

आधी आईचं सांगतो. खुब्याच्या ऑपरेशनचे टाके काढले. कालपासून वॉकर धरून पलंगापासून खिडकीपर्यंत जाते. शेजारच्या पलंगावरच्या बाईंचं वय तिनं नुसत्या आवाजावरून सांगितलं, तेही पाच वर्षं वाढवून. तेव्हापासून त्या हिच्याशी बोलत नाहीत. डॉक्टर म्हणतात, सोमवारी घरी न्या. घर विकून तुझ्याकडे येईपर्यंत ती तिथेच राहणार.

घराचे फोटो बघून तू विचारलंस, "आपलं घर एवढं मोठं होतं का रे?" नव्हतं. ती माझ्या लेन्सची करामत. बारा वर्षं मी लोकांची घरं विकण्यासाठी नटवतोय. टूथब्रश, औषधं, चपला, फ्रीजवर चिकटवलेले कागद, सगळं कॅमेऱ्याच्या मागे न्यायचं. इथे कोणी राहतच नाही असं दिसलं की गिऱ्हाइकाला तिथे राहावंसं वाटतं. पण माझा एक नियम आहे. काहीही हलवण्याआधी प्रत्येक खोलीचा मोबाइलवर एक साधा फोटो काढायचा आणि निघताना तो समोर धरून प्रत्येक वस्तू होती तिथे ठेवायची. एका आजोबांचा चष्मा टीपॉयच्या कुठल्या कोपऱ्यावर होता, तेसुद्धा मी बघून ठेवलंय. परक्यांच्या घरी हा नियम एकदाही मोडला नाही.

आपल्या घरी मोबाइल खिशातून काढलाच नाही. म्हटलं, आपलंच घर, मला तोंडपाठ आहे.

ताई, आईला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. पण ती घरात चालते कशी, हे तू पाहिलेलं नाहीस. पलंगापासून चार पावलं, दाराची चौकट, मग पॅसेजच्या भिंतीला टेकलेलं लाकडी स्टूल. त्यावर हात ठेवायचा आणि डावीकडे बाथरूमला वळायचं. दारातून खोलीचा फोटो घ्यायला मला ट्रायपॉड तिथे उभा करायचा होता. मी स्टूल पॅसेजच्या मधोमध सरकवलं.

तेवढ्यात एजंटचा फोन आला, पुढच्या फ्लॅटची मंडळी खोळंबली होती. मी घाईघाईनं सामान आवरलं. हॉलमधून आईनं विचारलं, "सगळं जागेवर ठेवलंस ना रे?" मी बूट घालता घालता म्हणालो, "हो गं."

तासाभरात आईकडे कामाला असलेल्या बाईंचा फोन आला. मी पोहोचलो तेव्हा आई जमिनीवर होती आणि स्टूल तिच्याजवळ आडवं पडलेलं. पडताना तिचा धक्का लागला असेल, असं बाईंना वाटलं. मी ते उचलून भिंतीला लावलं. आईला उचलण्याच्या आधी लावलं, ताई.

आईनं सगळ्यांना चक्कर आली म्हणून सांगितलं. नडगीवरचा काळानिळा डाग डॉक्टरांनी विचारला, तर म्हणाली, पलंग लागला असेल.

फरशी नुकतीच पुसलेली होती हे कळल्यावर तू मात्र फोनवर भडकलीस. फरशी ओली ठेवून बाई गच्चीवर गेल्याच कशा? उद्यापासून येऊ नका म्हणून सांग. मी सांगितलं. त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "दादा, मी कोरड्या फडक्यानं दोनदा पुसली होती हो." पुसली होती. फोटोत चमकावी म्हणून मीच पुसायला लावली होती. गच्चीवरही मीच पाठवलं होतं, बाल्कनीतले ओले कपडे फोटोत नकोत म्हणून. तरी मी किल्लीसाठी हात पुढे केला. किल्ली देताना त्या म्हणाल्या, "आजींचे केस धुताना पाणी कोमटच घ्या." आता तिसऱ्या मजल्यावरच्यांनीही त्यांना कामाला नको म्हटलंय. म्हातारीला पाडणारी बाई, असं बोलतात. बाई गावी गेल्यात, असं मी आईला सांगितलंय. रोज विचारते, कधी येणार?

चौथ्या दिवशी फोटो नीट करायला बसलो. खिडकीजवळून काढलेल्या फोटोत कपाटाचा आरसा आहे. आरशात दार, दारातून पॅसेज आणि पॅसेजच्या मधोमध स्टूल. मी ते पुसून टाकलं. अर्ध्या मिनिटाचं काम. तुला आवडला तो हाच फोटो.

मूळ फोटो छापून सोबत पाठवतोय. आरशात बघ.

मला चार शिव्या दे, मी ऐकून घेईन. पण बाईंना फोन तू स्वतः कर आणि चूक कोणाची होती ते स्पष्ट सांग. पत्र पेटीत टाकून मी त्यांच्याकडे जातोय. किल्ली खिशात आहे. त्यांनी ती माझ्या तोंडावर फेकली तरी त्यांचं काही चुकणार नाही.

आईला मी अजून काहीच बोललो नव्हतो. आज सकाळी निघताना तिनं माझा हात धरला. म्हणाली, "सोमवारी मी घरी येतेय. तेवढं स्टूल बघून ठेव हो."

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला "हो" म्हणता आलं नाही. तडक घरी गेलो. स्टूल भिंतीलाच होतं. तरी डोळे मिटले, पलंगापासून चार पावलं मोजली, चौकट चाचपली आणि हात पुढे केला. स्टूल वीतभर लांब होतं. त्या दिवशी घाईत लावताना मी तेही चुकीच्या जागी लावलं होतं.

आता ते सरकवून, मोबाइलवर फोटो काढून हे लिहायला बसलोय.

न बघता "हो" म्हणणारा,
तुझा धाकटा